शांत वळणारा बॉल : प्रकल्प नोंदी

१२ सप्टेंबर २०२४, गुरुवार

बोलिंग लीगचे आजचे तीन गेम : १४८, २०१, १५९. एकाच रात्रीत, लेनच्या एकाच जोडीवर, त्याच बॉलने. २०१ आले तेव्हाही मी काही वेगळं केलं नव्हतं, आणि खरा त्रास त्याचाच आहे. चांगला गेम का झाला ते सांगता येत नसेल, तर वाईट गेम का झाला तेही सांगता येणार नाही. म्हणून आजपासून ही वही.

आम्ही डेट्रॉइटच्या उत्तरेकडच्या उपनगरात खेळतो. चौघांच्या टीममध्ये दोघे मराठी : मी आणि एक नागपूरकर दादा. डिसेंबरपासून लीगचा दुसरा टप्पा सपाट तेलावर, म्हणजे लेनभर जवळजवळ सारख्याच पसरलेल्या तेलावर, होणार आहे. तोवर असा बॉल हाताशी हवा, जो माझ्या चुकीला फोडणी घालणार नाही.

तेलाचं सांगायचं तर चाळीतल्या कॅरमवरच्या पावडरीची आठवण काढावी. पावडर आहे तिथे सोंगटी सुळकन जाते, पुसली गेली तिथे अडखळते. बोलिंगच्या लेनवर हौशी खेळाडूंसाठी मधोमध भरपूर तेल आणि दोन्ही कडांना कमी, अशी रचना असते. बॉल थोडा बाहेर गेला तर कोरडा भाग त्याला आत वळवतो, थोडा आत गेला तर तेल त्याला तिथेच धरून ठेवतं. म्हणजे लेन खेळाडूला सांभाळून घेते. माझा बॉल मात्र हे सांभाळणं उधळून लावतो. बाहेरच्या बाजूला कोरडं लागलं की असा उसळतो की थेट पहिल्या पिनच्या नाकावर, आणि आत दोन फळ्या चुकला तर घसरत पॉकेटच्या, म्हणजे पहिल्या आणि तिसऱ्या पिनेमधल्या फटीच्या, बाहेरूनच निघून जातो.

१५ सप्टेंबर, रविवार

मुलीने मागून मोबाइलवर ३० बॉल चित्रित केले. लेनची रुंदी ३९ फळ्यांची, एकेक फळी साधारण एका इंचाची. फाउल लाइनपासून पहिली पिन ६० फुटांवर, आणि नेम धरण्यासाठी लेनवर काढलेले बाण साधारण १५ फुटांवर. प्रत्येक बॉल बाणांवर कुठल्या फळीवरून गेला आणि पिनांपाशी कुठल्या फळीवर पोचला, ते दोन रकान्यांत लिहिलं. सगळ्यांत डावीकडचे दोन आणि उजवीकडचे दोन बॉल सोडून दिले. उरलेल्यांत :

बाणांवर फरक : ४ फळ्या.
पिनांवर फरक : ११ फळ्या.

हे दोन आकडे या सगळ्या प्रकल्पाचा पाया. पहिला आकडा माझ्या हाताचा. दुसरा आकडा, निदान बराचसा, बॉलचा. चार फळ्यांची चूक पुढे जाऊन अकरा होते.

बॉल आहे असममित कोरचा (कोर म्हणजे बॉलच्या पोटातलं वजन), चकचकीत पर्ल कव्हरचा आणि ड्रिलिंग, म्हणजे कोरच्या हिशेबाने भोकांची मांडणी, ७० × ४½ × ३० (अंश, इंच, अंश). हे तीनही पर्याय एकाच दिशेने ओढतात : आधी लांब घसर, मग एकदम वळ. मला तो दुकानात वळताना पाहून आवडला होता. वळण पाहून बॉल घेतला, हात पाहून नाही.

१९ सप्टेंबर, गुरुवार

१६१, १७४, १५२.

गॅरेजमध्ये २०१६ साली ड्रिल केलेला एक जुना, शांत स्वभावाचा बॉल आहे. पण त्याला चौथं, बॅलन्सचं भोक आहे. १ ऑगस्ट २०२० पासून यूएसबीसीच्या, म्हणजे अमेरिकेतल्या बोलिंगच्या नियामक संस्थेच्या, नियमात ते चालत नाही. जे भोक बॉल टाकताना पकडीसाठी वापरलं जात नाही ते असता कामा नये. भोक बुजवून वापरता येईल, पण कव्हर आता इतकं थकलंय की त्यावर खर्च करण्यात अर्थ नाही.

२६ सप्टेंबर, गुरुवार

लीगच्या आधी प्रो शॉपमध्ये, म्हणजे बॉलला भोकं पाडून देणाऱ्या दुकानात, गेलो. इथले ड्रिलर सत्तरीचे आहेत. बोलतात कमी, हात पाहतात जास्त. त्यांनी आधी पीएपी काढला, म्हणजे हातातून सुटल्या क्षणी बॉल ज्या अक्षाभोवती फिरतो त्या अक्षाचं टोक.

पद्धत पाहण्यासारखी आहे. बॉल स्वच्छ पुसून एकदाच टाकायचा. परत आल्यावर त्यावर तेलाच्या बारीक कड्या उमटलेल्या असतात, एका टोकाला एकमेकींना छेदणाऱ्या आणि पुढे पसरत गेलेल्या. पहिली कडी ओळखून मेणाच्या पेन्सिलीने गिरवायची, आणि तिच्या सर्व बाजूंपासून सारख्या अंतरावरचा बिंदू शोधायचा. तिथे पांढरा ठिपका चिकटवून पुन्हा बॉल टाकायचा. सुरुवातीला तो ठिपका न डगमगता जागच्या जागी फिरला, तर माप बरोबर. माझा पीएपी पकडीच्या मध्यापासून ५ इंच उजवीकडे, ½ इंच वर.

फेऱ्या घरीच मोजल्या होत्या. बॉलवर टेपची पट्टी लावून सेकंदाला २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये चित्रण. एका फेरीला ५१ फ्रेम. २४० × ६० ÷ ५१, म्हणजे मिनिटाला सुमारे २८२. वेग ताशी १६½ मैल. ड्रिलर म्हणाले, हा मध्यम हात आहे, याला भडक बॉलची गरज नाही.

निघताना त्यांनी माझा अंगठा उलटसुलट करून पाहिला. नखाच्या खाली, आतल्या बाजूला, घट्टा पडलेला. बोलले काहीच नाहीत, कागदावर काहीतरी खूण केली.

३ ऑक्टोबर, गुरुवार

१६८, १५५, १८०. बॉलची निवड आज पक्की केली.

वाचताना सगळ्यात उपयोगी पडला लहानपणीचा भोवरा. ज्याचं वजन आसाजवळ, पोटाशी, तो जाळी सुटली की लगेच गरगरतो. ज्याचं वजन बाहेर, घेरावर, तो आधी रेंगाळतो आणि मग लय पकडतो. बोलिंग बॉलच्या पोटातला कोर हेच काम करतो. वजन मध्याच्या किती जवळ, ते सांगणारा आकडा म्हणजे आरजी. नियमाने तो २.४६ ते २.८० यांच्यात असायला हवा. कमी आरजीचा बॉल लवकर लोळायला लागतो. दुसरा आकडा डिफरन्शियल. बॉल जाताना अक्ष किती सरकेल, म्हणजे दर फेरीला किती कोरडा, नवा पृष्ठभाग लेनला लागेल, ते तो ठरवतो. त्याची कमाल मर्यादा ०.०६०. हा आकडा जितका मोठा तितका बॉल कोरड्या फळ्यांवर तापट.

पंधरा पौंडांत शेवटी दोन बॉल समोर होते, दोन्ही स्टॉर्म कंपनीचे, दोन्ही सममित कोरचे, दोन्हींना सॉलिड, म्हणजे पर्लची चकाकी नसलेलं, कव्हर :

फेझ टू : आरजी २.४८, डिफरन्शियल ०.०५१.
आयक्यू टूर : आरजी २.४९, डिफरन्शियल ०.०२९.

आरजी जवळजवळ सारखाच, म्हणजे दोघे साधारण एकाच वेळी जागे होणार. फरक पुढे. फेझ टूबद्दल टीममध्ये सगळेच चांगलं बोलतात आणि तो आहेच चांगला, पण माझा आजार ‘पिनांवर अकरा फळ्या’ हा आहे. त्यावर ०.०२९ हेच औषध.

युरेथेनचा, म्हणजे कमी वळणाऱ्या कव्हरचाही विचार केला. तो तर सगळ्यात शांत. पण पिनांपाशी पोचेपर्यंत माझ्या हातून त्यात जोर उरत नाही. पॉकेटमध्ये बॉल सुमारे ६ अंशांच्या कोनाने शिरला तर पिना सर्वांत चांगल्या पडतात, आणि तेवढा कोन मला रिअॅक्टिव्ह, म्हणजे कोरड्या लेनला जास्त धरणाऱ्या, कव्हरमधूनच मिळतो. मला वळण हवंच आहे, फक्त दर वेळी तेच हवं आहे.

१२ ऑक्टोबर, शनिवार, दसरा

काल खंडेनवमीला लॅपटॉप, स्क्रू ड्रायव्हरचा डबा आणि खोक्यातला नवा बॉल असे तिन्ही पूजेत होते. आज सकाळी नऊला ड्रिलिंग.

मला वाटलं होतं तासाभराचं काम. पावणेतीन तास लागले, त्यांतले दीड तास बॉलला हातच लागला नाही.

ड्रिलरनी आधी माझा जुना, पर्ल बॉल मागितला. त्यात अंगठा पूर्ण घालायला लावला आणि दोन्ही बोटं भोकांवर नुसती आडवी ठेवायला सांगितली, आत न घालता. फिंगरटिप पकडीत बोटाच्या पहिल्या सांध्याची घडी भोकाची आतली कड ओलांडून थोडी पुढे जायला हवी. मधल्या बोटाची घडी जेमतेम कडेवर होती. अनामिकेची तर कडेपर्यंत पोचतच नव्हती. म्हणजे माझी वीत जेवढी आहे त्यापेक्षा बॉलची वीत मोठी. इतकी वर्षं मी प्रत्येक बॉल हात ताणून उचलत होतो.

मग अंगठ्याचं भोक. त्याचा कल, म्हणजे पिच, तळहातापासून दूर जाणारा होता, ⅜ इंच रिव्हर्स. असा अंगठा लवकर निसटतो. बॉल मागे नेताना तो पडेल अशी भीती हाताला वाटते, डोक्याला नव्हे, आणि हात आपसूक आवळतो. आवळलेला अंगठा कधी वेळेवर सुटतो, कधी अर्ध्या क्षणाने उशिरा. घट्टा त्याचाच.

मी बाणांवरच्या चार फळ्यांचा रकाना त्यांना दाखवला. त्यांनी त्यावर बोट ठेवलं, मग माझ्या घट्ट्यावर ठेवलं. एवढंच.

दादा सोबत आला होता. त्याने गेल्याच वर्षी मला सांगितलं होतं, “अरे, तू बॉल सोडून नाही राहिला बे, फेकून राहिला.” तेव्हा मी ते मनगटाबद्दल समजलो होतो.

नवीन मापं. अंगठ्यापासूनची वीत, इंचांत : मधलं बोट ४⅝ वरून ४½. अनामिका ४¾ वरून ४⁹⁄₁₆. अंगठ्याचं पिच ⅜ वरून ⅛ रिव्हर्स. आणि अंगठ्याचं भोक गोल नाही, लंबगोल. कारण अंगठा गोल नसतो. मापाच्या ठोकळ्यात अंगठा फिरवून पाहिला तेव्हा एका बाजूने सैल आणि दुसऱ्या बाजूने घट्ट लागत होता, ते स्वतःच्या हाताने कळलं.

लेआउट, म्हणजे भोकांची मांडणी : ५० × ४½ × ७०. सममित कोरला पहिला कोन फारसा बोलत नाही. महत्त्वाचे पुढचे दोन. पिन, म्हणजे कोरच्या माथ्याची रंगीत खूण, पीएपीपासून ४½ इंचांवर. फ्लेअर, म्हणजे अक्षाचं सरकणं, सर्वांत जास्त ३⅜ इंचांवर होतो, त्याहून थोडं दूर राहिलो. शेवटचा कोन ७०, कारण हा कोन जितका मोठा तितकं घसरण्यातून लोळण्यात जाणं सावकाश. जुन्या बॉलवर तोच ३० होता आणि पिन बोटांच्या बरीच वर होती. आता पिन अनामिकेच्या भोकाच्या जरा खाली आली.

मग यंत्र. बोटांची भोकं ³¹⁄₃₂ इंचाची, इन्सर्टसाठी, म्हणजे आत बसवायच्या मऊ नळ्यांसाठी. अंगठ्यासाठी १¼ इंचाचं भोक, त्यात स्लग, म्हणजे प्लास्टिकची कांडी, चिकटवायचा आणि तो वाळल्यावर त्यातच खरं भोक पाडायचं. ड्रिल खाली उतरताना कव्हरचा कीस गुंडाळत वर येतो, आणि पुढे एका जागी त्याचा रंग बदलतो, कीस जाडसर, ठिसूळ होतो. तिथे कोर लागला. ड्रिलरनी दांडा थांबवून मला भोकात डोकवायला सांगितलं. आतल्या भिंतीवर दोन रंगांची सरळ शीव दिसत होती. आकडे वाचून जे समजलं नव्हतं ते त्या शीवेत दिसलं : बॉल म्हणजे एक गोळा नाही, एकात एक बसवलेल्या दोन वस्तू आहेत.

शेवटी अंगठ्याच्या भोकाची कड. सुरीने कातून, मग काठीला गुंडाळलेल्या सँडपेपरने. कातायचं, मला अंगठा घालून काढायला लावायचं, पुन्हा कातायचं. असं अकरा वेळा. बाराव्यांदा मी हात खाली सोडला, बॉल लोंबकळला आणि मी आवळत नव्हतो. तो क्षण मी मुद्दाम लिहून ठेवतोय. खांद्यापर्यंत हात मोकळा वाटला.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

१६६, १७१, १६९. पहिल्यांदाच तीन गेम एकमेकांशेजारी बसले. सरासरी नेहमीचीच, पण हेलकावा पाच पिनांचा.

अंगठा इतका सहज सुटतो की पहिले सहा-सात बॉल मी उजवीकडे टाकले. जुनी सवय जायला वेळ लागेल.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

१५८, १६०, १४९. चूक माझी, सविस्तर लिहितो.

पॉकेटमध्ये बॉल नीट जात होता, तरी वाटलं अजून लवकर लोळला तर अजून शांत होईल. म्हणून बुधवारी रात्री सिंकमध्ये घासायचा पॅड ओला करून बॉलला १००० ग्रिट दिलं (आकडा जितका लहान तितका पॅड खरखरीत). सहा बाजू, प्रत्येकी ४० सेकंद. बॉल राखी, मंद, हाताला खरखरीत झाला.

परिणाम : तो खरंच लवकर लोळला, पण इतक्या लवकर की पिनांपाशी पोचेपर्यंत सगळा जोर संपलेला. पॉकेट बरोबर, आवाज मात्र दबका. सहा नंबरची पिन दहाला धडकण्याऐवजी तिच्या समोरच्या गटारात आळसावून पडायची आणि दहा उभी. एका रात्रीत नऊ वेळा दहा नंबरची पिन उरली, त्यांतल्या पाच स्पेअर, म्हणजे उरलेली पिन दुसऱ्या बॉलने पाडणं, चुकल्या.

शांत आणि थकलेला यांत फरक आहे. लेनवरून पाहताना दोन्ही सारखेच दिसतात, पिना पडण्याच्या आवाजावरूनच वेगळे कळतात.

३१ ऑक्टोबर, गुरुवार

लक्ष्मीपूजन. खेळलो नाही. फराळ झाल्यावर बॉलला आधी २०००, मग हलक्या हाताने ३००० दिलं.

७ नोव्हेंबर, गुरुवार

१८७, १७९, १९२. दहा नंबरची पिन तीन वेळा.

कोर आणि लेआउट यांवर मी महिनाभर वाचलं, आणि दोन पॅडनी अर्ध्या तासात त्यांच्यापेक्षा जास्त फरक पाडला. हे आधी कुणी सांगितलं असतं तरी मी मानलं नसतं. ड्रिलिंगने बॉलचा स्वभाव ठरतो, पण लेनशी प्रत्यक्ष बोलतं ते कव्हरच.

१७ नोव्हेंबर, रविवार

पुन्हा ३० बॉल, तीच मुलगी, तोच मोबाइल, त्याच जोडीतली लेन.

बाणांवर फरक : २½ फळ्या. पिनांवर फरक : ४.

मग जुन्या बॉलवर १५ टाकले, तुलनेसाठी. बाणांवर पुन्हा ४, पिनांवर १०. म्हणजे हात तोच, दिवस तोच, पण जुनी वीत हातात आली की हात पुन्हा आवळतो. मला हीच खात्री करून घ्यायची होती. अकरावरून चारवर येण्याचं श्रेय एकट्या कोरचं नाही. बॉलने चूक वाढवणं थांबवलं, आणि अंगठ्याने चूकच कमी केली. चुकीच्या मापाचाच आयक्यू टूर घेतला असता, तर ‘हा बॉल मला जमत नाही’ म्हणून मी तो विकायला काढला असता.

बॉलवरच्या तेलाच्या कड्याही पाहिल्या. जुन्यावर त्या पंख्यासारख्या पसरतात. नव्यावर एकमेकींना चिकटून, करंगळीच्या दोन पेरांत सगळ्या मावतात.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

१८१, १६४, २०३. बाहेर पहिला बर्फ. थंडीने अंगठा आकसला आणि पहिल्या गेममध्ये भोक सैल लागलं. भोकाच्या मागच्या बाजूला पांढऱ्या टेपचे दोन तुकडे. दुसऱ्या गेममध्ये हात गरम होऊन अंगठा फुगला तेव्हा एक काढला. तो काढायला एक गेम उशीर केला, १६४ त्याचेच.

बॉल गाडीच्या डिकीत ठेवायचा नाही. रिअॅक्टिव्ह कव्हर थंडी आणि ऊब यांच्या उलटापालटीत तडकतं. आता तो दिवाणखान्यात, जोड्यांच्या कपाटाशेजारी. घरातून त्याला हरकत नाही, फक्त ‘पाहुणे आले की झाकून ठेवा’ एवढं सांगणं आहे.

५ डिसेंबर, गुरुवार

सपाट तेलाचा पहिला दिवस. पॅटर्न, म्हणजे तेलाचा पट्टा, ४१ फुटांचा. लांबीतून ३१ वजा करायचे असा ठोकताळा आहे. ४१ वजा ३१, म्हणून बॉल वळण्याची जागा दहाव्या फळीच्या आसपास धरली.

इथे कडा सांभाळून घेत नाहीत. बाहेर गेलेला बॉल बाहेरच राहतो. १५९, १६८, १७२. आकडे लहान, पण आमच्या लेनच्या जोडीवर दादानंतर सर्वांत जास्त माझेच. त्याची मोठी ताकद स्पेअर. आजही एक सोडून सगळ्या घेतल्या.

दुसऱ्या गेममध्ये दोन फळ्या आत सुटलेला एक बॉल नीट आठवतोय. जुना असता तर पॉकेटला न शिवता निघून गेला असता. हा सावकाश कलला, १७½ ऐवजी १६ व्या फळीवर पोचला, हलका लागला, दोन आणि आठ उरल्या. स्पेअर झाली. स्कोअरकार्डवर तो एक साधा स्पेअर आहे.

१९ डिसेंबर, गुरुवार

१७४, १८३, १७०.

दर गुरुवारी घरी जाण्याआधी बॉल मायक्रोफायबर आणि क्लीनरने पुसतो, तो कोमट असतानाच. थंड झाल्यावर तेल आत मुरतं. ३००० ग्रिट दर पंधरा गेमना पुन्हा द्यावं लागतंय, नाहीतर कव्हर लेनवर घासून गुळगुळीत होतं आणि तीच जुनी घसर परत येते.

९ जानेवारी २०२५, गुरुवार

१७८, १९१, १८५.

खेळाआधी प्रो शॉपमध्ये जाऊन दुसरा बॉलही याच मापांनी बुजवून पुन्हा ड्रिल करायला दिला, तोच असममित पर्ल. लेआउट ५० × ४½ × ६५, अंगठा अगदी आयक्यू टूरसारखा. आयक्यू टूरचं काम संपून तेल पुसलं गेलं की, रात्री उशिरा, त्याची गरज लागेल. ड्रिलरनी माझं कार्ड काढलं, जुन्या मापांवर एक तिरकी रेघ मारली आणि अंगठा पुढे करायला सांगितलं. घट्टा गेलाय; त्या जागी नुसता गुलाबी डाग राहिलाय.

बॉल मंगळवारी मिळेल.